घरी सिडर-स्ट्रिप कनू बांधताना मेहनत कुठे घालायची आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा: फर्निचरचं काम बऱ्यापैकी जमतं, टेबल-सॉ आणि रंधे हाताशी आहेत, पण होडी कधी बांधलेली नाही. दोन माणसांची १६ फुटी सिडर-स्ट्रिप कनू, म्हणजे सिडर लाकडाच्या पट्ट्यांची वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, घरी बांधता येईल का? पट्ट्यांच्या कडांना गोलाई आणि खोबण पाडायलाच हवी का? स्टेपल मारावेत की नाही? आणि काम सगळ्यात जास्त कुठे बिघडतं?

बांधता येईल, आणि तुमच्याइतका हात बसलेल्या माणसाला लाकूडकामात फारसं काही अडणार नाही. अडचण नेमकी याच्या उलट बाजूने येते. फर्निचर करणारा माणूस सगळी माया पट्ट्यांच्या सांध्यांवर खर्च करतो. साच्यांची मांडणी तो एका दुपारी उरकतो आणि इपॉक्सीला, म्हणजे काचेचं कापड लाकडाला चिकटवणाऱ्या रेझिनला, पॉलिशचाच एक प्रकार समजतो. या होडीचा आकार साच्यांतून येतो आणि ताकद काचेच्या कापडातून. मधल्या पट्ट्या तुमच्या बऱ्याच चुका पोटात घालतात. धीर कुठे किती खर्च करायचा ते यावरून ठरवा.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडात, ओंटारिओतल्या पीटरबरो भागात, बरगड्यांवर लाकडी पट्ट्या ठोकून कनू बांधल्या जात. फायबरग्लास आल्यावर, १९५०च्या दशकात, अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या शर्यतीच्या होड्या बांधणाऱ्यांनी बरगड्या काढूनच टाकल्या. आजची सिडर-स्ट्रिप कनू म्हणजे काचेच्या कापडाची आतून एक आणि बाहेरून एक अशी दोन कातडी, आणि त्यांच्यामध्ये ५ ते ६ मिमी सिडरचा गाभा. कवच वाकायला लागलं की एका कातडीवर ताण येतो आणि दुसरीवर दाब. त्या दोघींना एकमेकींपासून लांब धरून ठेवणं हे गाभ्याचं मुख्य काम. खालून दगड बसला तर कवच आत ढकललं जातं आणि ताण येतो तो आतल्या कातडीवर. वजन वाचवायला आतलं कापड गाळायचा सल्ला कोणी दिला, तर ऐकू नका.

आराखडा विकतच घ्या. पहिलीच होडी स्वतः आखायला जाऊ नका. आराखडा हातात आला की एक गोष्ट आधी तपासा: दिलेली मापं कवचाच्या बाहेरच्या पृष्ठाची आहेत की साच्याची? बाहेरची असतील तर प्रत्येक साच्याच्या कडेतून पट्टीची जाडी, म्हणजे ६ मिमी, वजा करावी लागते. हे राहून गेलं तर होडी बुडत नाही, पण प्रत्येक बाजूला ६ मिमी, म्हणजे रुंदीला १२ मिमी फुगते आणि आराखडा करणाऱ्याने मनात धरलेली होडी ती राहत नाही. जागेचं म्हणाल तर होडीच्या चारही बाजूंनी निदान एक मीटर मोकळं हवं. तयार होडी दारातून बाहेर कशी निघणार हेही आत्ताच मोजून ठेवा. हसू नका, याच पायी भिंती फोडलेली माणसं आहेत.

आता साचे. एक लांब, सरळ आणि न पिळणारी बैठक करायची. प्लायवूडची पोकळ चौकोनी तुळई उत्तम, तिला स्ट्राँगबॅक म्हणतात. तिच्यावर साधारण दर ३० सेंटीमीटरला एक साचा उभा करायचा. साचे १२ मिमी प्लायवूडचे किंवा एमडीएफचे चालतात. होडी उलटी बांधली जाते, तळ वर आणि काठ खाली. प्रत्येक साच्यावर मध्यरेषा दोन्ही बाजूंना आखा. मग तुळईवर दोरी ताणा आणि एकेक साचा ओळंब्यात, पाणसळीत आणि गुण्याने तुळईला काटकोनात आणा.

इथे नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटणारी एक गोष्ट आहे. साच्याला १२ मिमी जाडी असते, पण आराखड्यातलं स्टेशन, म्हणजे साचा उभा करायची जागा, ही नुसती रेषा असते. तिच्या कुठल्या बाजूला साचा बसवायचा? होडी मध्यापासून टोकांकडे निमुळती होत जाते. साचा रेषेच्या टोकाकडच्या बाजूला लावला तर त्याची पुढची कड कवचाच्या बाहेर डोकावते आणि पट्टीला ढकलते. म्हणून साचा रेषेच्या मध्याकडच्या बाजूला, टोकाकडचा चेहरा बरोब्बर रेषेवर येईल असा लावायचा. पट्टी मग फक्त त्या एका कडेवर टेकते आणि कड तासत बसावी लागत नाही. मधला साचा तेवढा रेषेवर मधोमध. होडीच्या दोन्ही अर्ध्यांत ही दिशा उलटते, हे खडूने तुळईवर लिहूनच ठेवा.

सगळे साचे उभे राहिले की एक लांब लवचीक पट्टी घ्या आणि वेगवेगळ्या उंचीवर साच्यांवरून वाकवून बघा. ती प्रत्येक साच्याला टेकली पाहिजे. कुठे फट दिसली किंवा एखादा साचा पट्टीला उचलतोय असं वाटलं, तर आत्ताच सरकवा किंवा पाचर लावा. एका टोकाला गुडघे टेकून, एक डोळा मिटून पट्टीच्या लांबीवरून नजर टाकली की मिलीमीटर-दोन मिलीमीटरचा फरकही कळतो. या कामाला दोन सुट्ट्या गेल्या तरी चालेल. इथला खड्डा पुढे कितीही घासलात तरी जात नाही, उलट वार्निशच्या चकाकीत जास्तच उठून दिसतो. शेवटी साच्यांच्या कडांना पॅकिंगची चिकटपट्टी लावा, नाहीतर गोंदाने होडी साच्यांना कायमची चिकटेल.

दोन्ही टोकांचे स्टेम, म्हणजे कवचाच्या दोन बाजू जिथे एकत्र येतात ते वाकडे कणे, पातळ पट्ट्या वाफवून आणि थरावर थर चिकटवून करतात. वाफेला ठोकळ हिशोब असा की एक इंच जाडीला एक तास. तुमच्या पट्ट्या ६ मिमीच्या असतील तर पाव तास पुरतो. वाफवलेली पट्टी साच्यावर वाकवून वाळू द्यायची आणि नंतरच चिकटवायची. ओल्या लाकडावर गोंद धरत नाही.

लाकूड वेस्टर्न रेड सिडर असेल तर उत्तम. हलकं, सरळ रेघांचं आणि लांब फळ्यांत मिळणारं. व्हाइट सिडर, रेडवूड, स्प्रूस, हलकं पाइन हेही चालतं. फळी निवडताना मात्र फर्निचरची सवय उलटी करा. १९ मिमी जाडीच्या फळीतून ६ मिमीच्या पट्ट्या उभ्या चिरल्या की पट्टीचा रुंद चेहरा हा मूळ फळीच्या जाडीचा भाग असतो. त्यामुळे ज्या फळीच्या तोंडावर रेघांच्या कमानी दिसतात, तिच्यातून उभ्या, सरळ रेघांच्या पट्ट्या निघतात. अशी पट्टी रंध्याखाली कमी उचकटते आणि सारखी घासली जाते. उभ्या रेघांची महागडी फळी आणलीत तर पट्ट्या नेमक्या उलट्या निघतील.

किती पट्ट्या लागतील याचा हिशोब सोपा आहे. सगळ्यात रुंद साच्याचा घेर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत टेपने मोजा. समजा तो १.३५ मीटर आला. गोलाई आणि खोबण पाडल्यावर १९ मिमीची पट्टी प्रत्यक्षात साधारण १६ मिमीच झाकते. म्हणजे ८५च्या आसपास पट्ट्या, आणि मोडतोडीसाठी वर पंधरा-वीस टक्के. करवतीचं पातं ३ मिमीचं असेल तर एक तृतीयांश लाकूड भुश्यात जातं, २ मिमीचं पातळ पातं लावलंत तर पाव. लांब फळ्या नाही मिळाल्या तर काळजी नको. पट्ट्या तिरक्या सांध्याने जोडता येतात, जाडीच्या आठपट लांबीचा उतार दिला की पुरे, म्हणजे ६ मिमीला ४८ मिमी. नाहीतर सरळ टोकाला टोक भिडवा, फक्त सांधा साच्यावर येऊ द्या आणि शेजारच्या पट्टीत त्याच जागी दुसरा सांधा नको. ताण काच घेते, सांधा नाही.

गोलाई आणि खोबण पाडायलाच हवी का? नको, पण पाडा. साध्या चौकोनी कडांच्या पट्ट्यांनीही होडी होते, मात्र तळ जिथे बाजूला वळतो तिथे प्रत्येक पट्टीची कड रंध्याने तिरकी करावी लागते. राउटर-टेबलावर दोन कटर आणि पट्टी दाबून धरणारे फेदर-बोर्ड लावले की शनिवार-रविवारात सगळ्या पट्ट्या तयार होतात आणि पुढचे कित्येक तास वाचतात. आधी गोलाई पाडा, मग खोबण. खोबणीच्या कडा कागदासारख्या पातळ असतात आणि दुसऱ्यांदा यंत्रातून जाताना चुरगळतात. होडीवर लावताना खोबण वर ठेवायची. गोंदाची बारीक धार तिच्यात बसते आणि वरून येणारी गोलाई तिच्यात रुतते. गोंद साधा पिवळा सुतारकामाचा चालतो, कारण तो नंतर दोन्ही बाजूंनी इपॉक्सीखाली बंद होणार असतो.

पहिली पट्टी काठाच्या रेषेवरून न्यावी असं वाटतं. कनूचा काठ टोकांना बराच वर चढतो आणि पट्टीला तिच्या रुंदीच्या दिशेने एवढं वाकवणं जिवावर येतं. म्हणून पहिली पट्टी मध्यावर काठाशी आणि टोकांकडे काठाच्या निम्म्या चढाने न्या, उरलेल्या त्रिकोणी जागा तुकड्यांनी भरा. पुढे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने पट्ट्या चढवा, म्हणजे साच्यांवर एकतर्फी ओढ येत नाही.

स्टेपलचा वाद तर संपणारा नाही. पट्ट्या साच्यांना धरून ठेवायला स्टेपल मारले की प्रत्येक साच्याशी बारीक भोकांची एक रांग उरते. न मारता क्लॅम्प, पट्टे आणि गरम गोंदाच्या थेंबांनी पट्ट्या धरता येतात, पण मग दिवसाला बाजूमागे दोन-चार पट्ट्यांवर काम अडतं. माझं मत विचाराल तर पहिल्या होडीला स्टेपलच मारा. होडी पाण्यावर गेली की ती भोकं फक्त तुम्हालाच दिसतात. कंटाळून अर्धवट सोडलेल्या कनूंपैकी बऱ्याचशा बिनस्टेपलच्याच असतात.

तळाशी आलात की दोन्ही टोकांना निमुळती होत जाणारी लांबट फट उरते. आधी एकाच बाजूच्या पट्ट्या मध्यरेषेच्या पलीकडे जाऊ द्या. मग दोरी ताणून मध्यरेषा आखा, पटाशी आणि रंध्याने तिथवर सरळ कापा आणि दुसऱ्या बाजूची प्रत्येक पट्टी त्या रेषेला तासून बसवा. शेवटची पट्टी खोबणीत वरून घुसत नाही. तिच्या शेजारच्या खोबणीची वरची कड कापून टाकावी लागते. हे काम चिकट आणि संथ आहे, पण अवघड नाही. फटी राहिल्याच तर सिडरचा भुसा इपॉक्सीत कालवून भरा.

स्टेपल काढले की रंधा आणि मग घासणं. लहान गोल सँडर हाताशी असला तरी मुख्य काम लांब, लवचीक फळीला ८० नंबरचा पॉलिश पेपर लावून तिरकं घासण्याचं. सिडर मऊ असतं, छोटा सँडर एका जागी दोन सेकंद जास्त थांबला की खळगा पडतो. खोली अंधारी करून एक दिवा कवचाला समांतर धरा, उंचवटे सावलीतून आपोआप दिसतात. तळहात फिरवून बघायची सवयही लावा, डोळ्याला न दिसलेलं हाताला कळतं. मधे एकदा सगळं कवच ओल्या फडक्याने पुसा. दबलेल्या जागा फुगून वर येतात, स्टेपलची भोकं बऱ्यापैकी मिटतात आणि गोंदाचे राहिलेले डाग फिकट दिसून पकडले जातात. १२० नंबरवर थांबा. त्यापुढचा गुळगुळीतपणा इपॉक्सीच्या काही कामाचा नाही.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण लोक ती कानाआड करतात. रेड सिडरच्या भुश्यात प्लिकॅटिक अॅसिड असतं आणि त्याने दमा झाल्याची उदाहरणं वैद्यकात चांगली नोंदलेली आहेत. नाकाला रुमाल बांधून भागत नाही, नीट बसणारा धुळीचा मास्क लावा आणि भुसा ओढून घेणारं यंत्र चालू ठेवा. इपॉक्सीचंही तसंच. त्याची अॅलर्जी एकदा लागली की आयुष्यभर पाठ सोडत नाही. नायट्रिलचे हातमोजे घाला आणि अंगावर पडलं तर थिनरने पुसू नका, थिनर ते आणखी आत नेतो. न पिकलेल्या इपॉक्सीची धूळही तेवढीच वाईट, म्हणून ते पूर्ण कडक झाल्याशिवाय घासू नका.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे. काम सगळ्यात जास्त बिघडतं ते कापड चढवायच्या दिवशी. लाकूडकामात चुकलं तर पट्टी काढून दुसरी लावता येते. इथे रेझिन भांड्यात मिसळलं की घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही.

कापड २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं, साध्या विणीचं घ्या. रेझिन इपॉक्सीच हवं. पॉलिएस्टर रेझिन सिडरला नीट धरत नाही आणि काही वर्षांनी सुटायला लागतं. मिश्रणाचं प्रमाण डब्यावर दिलंय तेच पाळा. लवकर वाळावं म्हणून हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारा दुसरा घटक, वाढवला तर ते कधीच नीट पिकत नाही, कायमचं चिकट राहतं. एका वेळी थोडंच मिसळा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. खोल भांड्यात राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर काढेल.

वेळ निवडा ती तापमान उतरणीला लागल्यावरची. सुक्या सिडरच्या पेशींत हवा भरलेली असते. खोली तापत असेल तर ती हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि ओल्या रेझिनखाली शेकडो बुडबुडे धरते. तापमान उतरत असेल तर हवा आकसते आणि रेझिन लाकडात ओढलं जातं. म्हणून दुपारी उशिरा सुरू करा आणि होडीवर ऊन येऊ देऊ नका. रात्रीही खोली १५-१६ अंशांच्या खाली जाणार नाही एवढं बघा.

सोबतीला एक माणूस हवाच. एकाने मिसळायचं, दुसऱ्याने पसरवायचं. कोरडं कापड कवचावर अंथरून मध्यापासून टोकांकडे हाताने सुरकुत्या काढा. रेझिन मध्यावर ओता, रबरी स्क्वीजीने हळूहळू पसरवा आणि काही मिनिटं थांबा. कापड पांढऱ्याचं पारदर्शक होतं आणि खालची लाकडाची रेघ एकदम उजळते. मग पुन्हा स्क्वीजी फिरवून जास्तीचं रेझिन ओढून काढा. हेच दुसरं ओढणं लोक टाळतात. जास्तीचं रेझिन राहिलं की कापड त्यावर तरंगतं, आणि पुढे घासताना नेमकं तेच कापलं जातं. बरोबर झालेला भाग मंद दिसतो आणि विणीचा खरखरीतपणा जाणवतो. चकाकत असेल तर रेझिन जास्त आहे, चंदेरी ठिपके असतील तर कमी.

बोट दाबल्यावर ठसा उमटत नाही पण चिकट लागतं, अशा अवस्थेत रेझिनचा दुसरा थर लावा आणि तसाच पुढे तिसरा. या वेळेत लावले तर थर एकमेकांशी रासायनिकरीत्या जुळतात आणि मधे घासावं लागत नाही. वेळ चुकली तर पिकू द्या, साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुवा, कारण काही इपॉक्सींच्या पृष्ठावर मेणचट थर येतो आणि त्यावर पुढचं काही धरत नाही. मग घासून पुढे जा. तळाच्या मधल्या भागावर कापडाचा आणखी एक थर दिलात तर घासटण्याला उपयोगी पडतो.

कवच साच्यांवरून उतरवलं की ते आश्चर्य वाटावं इतकं लुळं असतं. काठांना ठरलेल्या रुंदीच्या दोन-तीन आडव्या काठ्या तात्पुरत्या बांधा, नाहीतर आत घासता घासता होडी पसरेल. आतलं कापड लावणं बाहेरच्यापेक्षा अवघड, कारण खोलगट भागात आणि टोकांना ते उचलून येतं. टोकांना तुकडे वेगळे लावा, कमी त्रास होतो. आत वीण भरणारा रेझिनचा एकच थर द्या. विणीचा पोत थोडा राहिला तर पाय घसरत नाही आणि वजनही वाचतं.

काठपट्ट्या अॅश या कठीण, लवचीक लाकडाच्या असतील तर उत्तम. होडीला खरा ताठपणा त्याच देतात. बैठका उंच ठेवायचा मोह आवरा, एक-दोन इंचांनीही डोलणं जाणवण्याइतकं बदलतं. खांद्यावर उचलायची कमानदार दांडी सगळ्यात शेवटी बसवा. आधी सगळं लावून होडी एका दांड्यावर तोलून बघा आणि तोल साधतो तिथेच ती लावा. नीट झालेली १६ फुटी कनू २२ ते २७ किलोत बसते. तुमची त्याहून बरीच जड भरली तर बहुतेक वेळा जास्तीचं वजन रेझिनचं असतं.

इपॉक्सी उन्हाने खराब होतं, म्हणून वर अतिनील किरण रोखणाऱ्या मरीन वार्निशचे निदान तीन थर हवेतच. होडी उलटी आणि सावलीत ठेवा. तळावरचे पांढरे ओरखडे बहुतेक वेळा नुसत्या वार्निशचे असतात, हंगामाअखेरीस घासून एक थर दिला की जातात. ओरखड्यात लाकूड उघडं पडलं असेल आणि ते काळपट दिसत असेल, तर पाणी आत शिरलंय. तो भाग लाकडापर्यंत घासा, पूर्ण सुकू द्या, मग कापडाचा तुकडा आणि इपॉक्सी. ओल्या गाभ्यावर लावलेलं ठिगळ पुढच्या उन्हाळ्यात निघून येतं.